उपचार केंद्राला तिकीटखिडकी नको

खान्देशात वन्यप्राण्यांसाठी धड उपचार आणि पुनर्वसन केंद्र हवं, याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. शहादा-तळोद्याच्या उसात बिबट्या आहे, यावल-रावेरच्या केळीत आहे, चाळीसगावकडे गौताळ्याच्या पायथ्याला आहे. माळावर चिंकारा आणि नीलगाय आहे, हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात पाखरांचे थवे उतरतात. यातलं एखादं जनावर मोडक्या हाडानिशी हाती लागलं की मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा नाशिक नाहीतर नागपूरची वाट धरावी लागते. तळोद्याहून नाशिक दोनशे किलोमीटरच्या पुढे, रावेरहून नागपूर चारशेच्या घरात. मे महिन्याच्या उन्हात, लोखंडी पिंजऱ्यात, गाडीच्या मागच्या हौद्यात एवढा प्रवास झाला की पोचेपर्यंत डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

मतभेद सुरू होतो तो पुढे. ‘केंद्र करणारच असाल तर लोकांनाही बघू द्या. कमान उभारा, बाग करा, पन्नास रुपये तिकीट लावा. पोरांना बिबट्या दिसेल, चार जणांच्या हाताला काम मिळेल, केंद्राचा खर्चही निघेल.’ असं बोलणारे काही प्राण्यांचे वैरी नसतात. उलट त्यांना प्राण्यांचं अप्रूप असतं म्हणूनच ते बोलतात. तरीही आमचं मत असं की केंद्र व्हावं, लवकर व्हावं, आणि त्याला तिकीटखिडकी नसावी.

‘बघू द्या’ ही अपेक्षा बऱ्याच अंशी सहलींतून आलेली आहे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत थायलंड, बाली, श्रीलंका करून येणारी कुटुंबं आता जळगाव-धुळ्यातही कमी नाहीत. अशा सहलींत एखादी सकाळ हमखास ‘अभयारण्या’ला किंवा ‘अनाथालया’ला दिलेली असते. तिथे हत्तीला आंघोळ घालता येते, वाघाच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढता येतो, पिल्लाला बाटलीने दूध पाजता येतं. नाव पुनर्वसनाचं असतं, म्हणून मनालाही बरं वाटतं. मग आपल्याकडे असं का नाही, हा प्रश्न साहजिकच पडतो. (तसं पाहिलं तर कर्कवृत्त खान्देशाच्या बरंच वरून जातं. उष्ण कटिबंधातलं रान बघायला जाणारा जळगावकर स्वतःच उष्ण कटिबंधात राहतो. पाल, तोरणमाळ, पाटणादेवी न बघता तो बालीला पोचतो, एवढंच.)

नावावरून जागा ओळखता येत नाही, हे दाखवायला श्रीलंका पुरेशी आहे. पिन्नावाला इथलं हत्तींचं अनाथालय १९७५ साली सुरू झालं. पोरकी पिल्लं सांभाळायची, हा मूळ हेतू. पण नदीवर आंघोळीला जाणारा कळप बघायला गर्दी होऊ लागली, १९८४ पासून तिथेच पिल्लं जन्मू लागली, आणि आज तो बंदिस्त हत्तींचा मोठा कळप आहे. उत्पन्न भरपूर आहे, जंगलात परत जाणारे हत्ती मात्र जवळपास नाहीत. दुसरी जागा उडवलवेची. तिथल्या वन्यजीव खात्याने १९९५ साली हत्तींच्या पिल्लांसाठी संक्रमण गृह काढलं. पिल्लांना ठरावीक तासांनी दूध मिळतं, बाकी वेळ ती उद्यानाच्या रानात चरतात. पर्यटकांना दूध पाजण्याच्या वेळेपुरतं, लांबच्या मचाणावजा गॅलरीतून बघता येतं. हात लावणं नाही, बाटली धरणं नाही. पिल्लू मोठं झालं की सोबत्यांच्या टोळीनिशी राष्ट्रीय उद्यानात सोडलं जातं. अशी शंभराहून जास्त पिल्लं सुटली आहेत. दोन्ही जागा एकाच देशातल्या, प्राणीही तोच. एका ठिकाणी पाहुण्याच्या सोयीने दिवस आखला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी पिल्लाच्या सोयीने, आणि वीस-तीस वर्षांत त्याचा परिणाम असा दिसतो.

बोर्निओतलं सेपिलोक हेही उडवलवेच्याच जातीचं. १९६४ पासून तिथे पोरक्या ओरांगउटानांना रानात राहायला शिकवतात. मचाणावर दिवसातून दोनदा फळं ठेवली जातात, आणि ती मुद्दाम रोज तीच ती, कंटाळवाणी असतात. वेगळं काही खायचं तर रानात शोधावं लागतं, आणि शोधायला शिकलेलं पिल्लू हळूहळू मचाणाकडे यायचं बंद होतं. त्यामुळे मचाण रिकामं राहिलं की पर्यटक हिरमुसतो आणि केंद्राचं काम मात्र झालेलं असतं.

उलट टोकाला थायलंडमधल्या कांचनबुरीचं ‘वाघांचं देऊळ’. वाघांना आसरा दिला आहे, असं सांगून तिथे वर्षानुवर्षं फोटोचे पैसे घेतले गेले. २०१६ साली सरकारने छापा घालून १३७ जिवंत वाघ हलवले. शीतपेटीत बछड्यांची ४० कलेवरं सापडली. त्याआधी हलवलेले धरून एकूण १४७ वाघ सरकारच्या ताब्यात आले आणि २०१९ पर्यंत त्यातले ८६ मेले. जवळच्या नात्यातल्या पैदाशीने त्यांची प्रतिकारशक्ती मुळातच खचलेली होती, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. वाघ सुटले तरी सुटले नाहीत. जंगलात सोडण्याजोगा त्यांच्यात एकही नव्हता.

परदेशात असं काही बघायला जाणाऱ्याने तिकीट काढण्याआधी तीन-चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी किती प्राणी आले, किती सोडले आणि कुठे सोडले? हे न अडखळता सांगणारी जागा बरी. बारा महिने बछडी हजर असतील तर ती येतात कुठून? वाघीण काही पर्यटन हंगाम बघून वीत नाही, म्हणजे तिथे पैदास चालते आणि पिल्लं आईपासून काही आठवड्यांतच तोडली जातात. हात लावू देतात का? लावू देत असतील तर परत फिरावं. दक्षिण-पूर्व आशियात समुद्रकिनाऱ्यावर फोटोसाठी हातात दिला जाणारा मोठ्या डोळ्यांचा लोरिस (माकडांच्या लांबच्या नात्यातला एक छोटा प्राणी) चावत नाही, कारण त्याचे दात आधीच छाटलेले असतात. त्याचा चावा विषारी असतो, म्हणून ही ‘खबरदारी’. आणि हत्तीच्या आंघोळीबद्दल एकच सांगायचं तर, अनोळखी दहा माणसं अंगाला झोंबत असताना शांत उभा राहणारा हत्ती आधी कुठेतरी अंकुशाखाली मोडलेला असतो. रानातून आलेला हत्ती असं करू देत नाही.

आता आपल्या केंद्राकडे वळू. आत काय चालतं हे कळल्याशिवाय ‘दार का बंद’ हे पटणार नाही.

बिबट्या सापळ्यात अडकतो तो सहसा रात्री. उजाडता उजाडता गाव जमतं. मोबाइल वर धरलेले, कोणी फांदी आत खुपसतंय, कोणी शिट्टी मारतंय. बिबट्याला पळायला जागा नसते, म्हणून तो गजांवर झेप घेतो, डोकं आपटतो, गज चावतो. कपाळाची कातडी हाडापर्यंत सोलते, नखं मुळातून उखडतात, आणि सुळा तुटतो. कपाळ भरून येतं, नखंही बहुधा येतात. सुळा येत नाही. बिबट्या भक्ष्याची मान सुळ्यांनी धरून गुदमरवतो. दोन सुळे गेलेला बिबट्या हरणाला किंवा रानडुकराला लोळवू शकत नाही, तो कुत्री आणि शेळ्या शोधत गावाकडे येतो. म्हणजे तासाभराच्या गर्दीने धडधाकट जनावर जन्माचं कैदी केलं. हे टाळायचा उपाय महागडा नाही. सापळ्याला आतून उभे गज नकोत, बारीक घराची वेल्ड केलेली जाळी किंवा प्लायवूड हवं, म्हणजे दात अडकत नाही. अडकल्याचं कळताच पिंजऱ्यावर ताडपत्री नाहीतर ओली गोणपाटं टाकायची, बाजूला एक फट वाऱ्यासाठी ठेवायची. पोलिसांनी शंभर मीटरवर दोर बांधायचा. गाडी उजाडण्याआधी हलली पाहिजे. उन्हाळ्यात सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पिंजरा रस्त्यावर नकोच. पत्र्याला हात लावून बघा, कारण कळेल.

विहिरीत पडलेल्या बिबट्याचंही तसंच. पोहून पोहून तो दमतो, तेव्हा सगळ्यात आधी चार कोपऱ्यांना दोर बांधून बाज खाली सोडायची, त्याला बूड टेकू द्यायचं. मग गर्दी हटवून रात्री शिडी लावायची किंवा पिंजरा उतरवायचा. भर दुपारी पाचशे माणसांसमोर शिडी लावली तर तो वर येणार नाही, आणि आलाच तर कोणावर येईल ते सांगता येत नाही.

चिंकारा, काळवीट, नीलगाय यांची गोष्ट याहून नाजूक. कुत्र्यांनी पिटाळलेलं किंवा माणसांनी धावून धरलेलं हरीण उभं राहतं, पाणी पितं, आणि दोन दिवसांनी मरतं. लोक म्हणतात, ‘कालपर्यंत तर चांगलं होतं.’ पशुवैद्य याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. जिवाच्या आकांताने पळताना आणि धरल्यावर झटापट करताना स्नायूंत आम्ल साचतं, शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर जातं, स्नायूंचे तंतू फुटू लागतात. त्यातलं पोटॅशियम हृदय बिघडवतं आणि रंगद्रव्य मूत्रपिंडं तुंबवतं. लघवी कॉफीच्या रंगाची झाली की वेळ बहुधा निघून गेलेली असते. मृत्यू कधी तासाभरात येतो, कधी आठवड्याने. खात्रीचं औषध नाही, प्रतिबंध आहे: डोळ्यांवर कापड, छातीवर बसतं ठेवणं, अंगावर पाणी, सावली, आणि बोलणं अजिबात नाही. कुजबुजसुद्धा नाही. अशा हरणाच्या खोलीसमोरून शाळेची सहल नेणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पक्ष्यांची निकड खान्देशात एप्रिल-मेमध्ये येते. पारा ४५ च्या आसपास खेळू लागला की घारी, पोपट, पिंगळे झाडाखाली गळून पडतात. माणूस मायेने पहिली चूक करतो ती चोच उघडून पाणी ओतायची. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, पाणी थेट फुफ्फुसात उतरतं. दूध आणि पावही नको, पक्ष्यांना दूध पचत नाही. हवेला भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाला जुना टॉवेल, अंधार, शांतता आणि गार जागा, एवढं करून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. केंद्रात पोचल्यावर पहिलं काम वजनाचं. निरोगी पक्ष्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिलिलिटर द्रव लागतं, त्यात शोष पडला असेल ती तूट धरून हिशेब होतो आणि ते दोन दिवसांत पोटात नळीने किंवा कातडीखाली सुईने देतात. अन्न त्यानंतर. उपाशी, कोरड्या पडलेल्या घारीच्या पोटात लगेच मांस गेलं तर ते पचत नाही, सडतं.

संक्रांतीत मांज्याने कापलेल्या पंखाचं दुखणं वेगळं. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली, तो मिळायचा तिथे मिळतोच. हाड तीनएक आठवड्यांत जुळतं, पण खांद्यापासून मनगटापर्यंतच्या कातडीचा पडदा ताठ झाला तर घार पुन्हा नीट उडत नाही. त्यासाठी रोज हलक्या हाताने पंख ताणायचा व्यायाम लागतो. नंतर निदान १५ मीटर लांबीचा उड्डाण-पिंजरा, ज्यात ती या टोकाहून त्या टोकाला न धापता दहा-दहा फेऱ्या मारू शकते की नाही ते बघतात. हे बघणारा माणूस भिंतीतल्या बारीक भोकातून बघतो. घारीला माणूस दिसला की ती जाळीवर आपटते आणि पिसं मोडते. मोडकं पीस गळून नवं यायला महिने लागतात, तोवर मुक्काम वाढला.

आणि पिल्लं. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची बछडी सापडतात. ती ‘अनाथ’ नसतात, आई बाजूच्या फडात बसलेली असते. जुन्नरकडे वनविभाग आणि तिथल्या पशुवैद्यांनी बसवलेली पद्धत सरळ आहे. बछडी तपासायची, पाणी द्यायचं, ओळखीसाठी चिप बसवायची, आणि त्याच दिवशी मावळतीला सापडली त्याच जागी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवायची. क्रेट असं की आईला पंजाने पाडता येईल. बाजूला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो टिपणारा कॅमेरा, माणूस नाही. बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या रात्री ती येते आणि मानगुटीला धरून एकेक उचलून नेते. बछडं घरी आणून दोन दिवस दूध पाजलं, गल्लीभर फिरवलं, तर ही संधी गेली. मग ते केंद्रात वाढतं, आणि इथे पाहुणे असतील तर माणसाची भीती त्याच्या अंगी येतच नाही. माणसाचा आवाज म्हणजे खाणं, असं शिकलेला बिबट्या दीड-दोन वर्षांनी सोडला तर पाड्यावरच्या झोपडीशी जाणार. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल वस्त्या पिढ्यान्पिढ्या वाघदेवाला मानत आल्या आहेत, एकमेकांच्या वाटा जाणून राहत आल्या आहेत. त्यांच्या दारात माणसाळलेला बिबट्या सोडण्याचा हक्क कोणाला आहे?

सोडणंही कुठेही नेऊन सोडणं नव्हे. जुन्नर भागात दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले आणि सोडलेल्या जागांभोवती माणसांवरचे हल्ले वाढले, असं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडलं. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला एक बिबट्या माळशेजला सोडला. तो जवळपास १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेला. म्हणून बरा झालेला प्रौढ बिबट्या पकडल्या जागेजवळच, लवकरात लवकर सोडावा. हे गावाला पटवणं हे केंद्राचं सगळ्यात अवघड काम, शस्त्रक्रियेहून अवघड. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याला ठार मारावं लागलं, ते लोक विसरलेले नाहीत आणि विसरावं असं कोणी म्हणूही नये. खरोखर माणसांवर हल्ले करणारा बिबट्या पुनर्वसनाच्या यादीत बसत नाही.

रोगराईचा मुद्दाही आहेच. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना कोविड झाला, तो माणसाकडूनच गेला असावा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. तिथे संशय पाहुण्यांवर नव्हता, खाण्यातून आलेल्या संसर्गावर होता. पण त्यातून एवढं कळतं की अशा जागी दारातून आत येणारी प्रत्येक गोष्ट, मांस, बूट, गाडीचं चाक, मोजून आत घ्यावी लागते. मांस गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, ७० अंशांपर्यंत शिजवल्याने मरतो, आणि बिबट्या तर कच्चंच खातो. म्हणून साथीच्या काळात कोंबडी बंद, तपासलेलं म्हशीचं मांस सुरू. नवं जनावर तीन-चार आठवडे विलगीकरणात, त्याचा झाडूवाला वेगळा, बादली वेगळी. रविवारी हजार माणसं आली तर यातलं काहीच टिकत नाही.

कायदाही याच बाजूला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत बचाव केंद्रांचा उल्लेख आला तो ‘प्रदर्शनासाठी नसलेल्या सुविधा’ म्हणून. लोकांना दाखवायचं असेल तर ते प्राणिसंग्रहालय, त्याची परवानगी, त्याचे निकष केंद्रीय प्राधिकरणाकडे वेगळे. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि ताब्यात आल्यापासून ४८ तासांत कळवावं लागतं. पोपट ‘वाचवून’ वर्षभर पिंजऱ्यात ठेवणाऱ्यांनी हे कलम वाचायला हरकत नाही.

खरा पेच पैशाचा. एका बिबट्याला दिवसाला चार किलो मांस, आठवड्यातून एक दिवस उपास, असं धरलं तरी वर्षाला साडेबाराशे किलो होतं. बंदिवासात तो पंधरा वर्षं सहज जगतो. म्हणजे परत न सोडता येणारा एकेक बिबट्या केंद्राच्या गळ्यात पडलेला दीर्घ मुदतीचा खर्च आहे. तिकिटाने हा खर्च निघेल, असं वाटतं तिथेच गफलत होते. तिकीट सुरू झालं की हाच बिबट्या खर्चाऐवजी उत्पन्न बनतो. बरा झालेला, सुळे शाबूत असलेला नर सोडायचा की अजून महिनाभर ‘निरीक्षणाखाली’ ठेवायचा, हा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर दिवाळीच्या गर्दीचा आकडाही येऊन बसतो. ज्या केंद्राचं पोट तिकिटावर चालतं त्याला रिकामा पिंजरा परवडत नाही, आणि उपचार केंद्राचा पिंजरा तर रिकामा व्हायलाच हवा. पिन्नावालाचं असंच झालं, कोणी दुष्टपणा न करता झालं.

मग पैसा कुठून? जिल्हा नियोजनातून, कॅम्पाच्या (तुटलेल्या जंगलाच्या भरपाईच्या) निधीतून, साखर कारखाने आणि केळी व्यापारातल्या मोठ्या मंडळींच्या सामाजिक दायित्वाच्या रकमांतून. बिबट्या ज्यांच्या उसात राहतो त्यांनी त्याच्या उपचाराला हातभार लावावा, यात अन्याय नाही. रोजगारही मिळतो, पण तो चहाच्या टपरीचा नव्हे. गाडीचालक, प्राणिसेवक, पिंजरा दुरुस्त करणारा वेल्डर, मांस पुरवठादार, आणि पाड्यांवरची रान ओळखणारी तरुण मुलं, ज्यांना पगार आणि विमा देऊन प्रशिक्षण द्यावं लागेल. पर्यटनाचा रोजगार हवा तर त्यासाठी यावल आणि अनेर धरण अभयारण्यं आहेत, पाल आहे, पाटणादेवी आहे, हतनूरचा जलाशय आहे. तिथे वाटाडे तयार करा. निरोगी, मोकळं जनावर त्याच्या रानात बघण्याचे पैसे घ्या, कोणाची हरकत नाही.

मुलांना काय दाखवायचं, हा प्रश्नही आम्हाला मान्य आहे. केंद्रापासून लांब, शहरात एक खोली पुरे. एक्स-रे फिल्म्स, पायाच्या ठशांचे साचे, कॅमेरा ट्रॅपची चित्रं, मांज्यात गुंतलेला पंख. दहा मिनिटांत पुठ्ठ्याचं खोकं तयार करायला शिकवा. आठवीतल्या मुलीला ते जमलं तर मे महिन्यात तिच्या गल्लीतली घार वाचेल. पिंजऱ्यात फेऱ्या मारणारा बिबट्या बघून ती एवढंच शिकेल की बिबट्या पिंजऱ्यात फेऱ्या मारतो.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो क्वचित मांडला जातो. दार बंद असलं की आत हयगय झाली तरी कळत नाही. खरं आहे. बंद दाराआड प्राणी उपाशी मरू शकतात, औषधं कागदावर दिली जाऊ शकतात, मेलेलं जनावर ‘सोडलं’ म्हणून लिहिलं जाऊ शकतं. यावर उतारा लोकांची रांग हा नाही. रांगेतल्या माणसाला पिंजऱ्यातला बिबट्या लंगडतोय की नुसता आळसावलाय हेही कळत नाही. उतारा नोंदवहीचा आहे. दर महिन्याला केंद्राने जाहीर करावं: कोणता प्राणी, कोणत्या तालुक्यातून, कशामुळे आला, आल्यावर वजन किती, काय झालं. सुटला, मेला, दयामरण दिलं, की कायमचा राहिला. राहिला असेल तर का. मेल्यास शवविच्छेदनाचा निष्कर्ष. वर्षातून दोनदा बाहेरचा पशुवैद्य, एक पत्रकार आणि ग्रामपंचायतीचा एक माणूस पूर्वसूचनेशिवाय आत जावेत आणि त्यांचं टिपण जसंच्या तसं छापावं. मृत्यूंचा आकडा मोठा दिसेल, त्याने बिचकायचं कारण नाही. मोडलेली, जळालेली, विष खाल्लेली जनावरंच तिथे येतात. एकही मृत्यू न दाखवणाऱ्या वहीवर जास्त संशय घ्यावा.

जे कायमचे राहतील, आंधळे, सुळे गेलेले, माणसाळलेले, त्यांना मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात पाठवावं. तिथे लोकांनी त्यांना जरूर बघावं, तिकीट काढून बघावं. एकाच आवारात दवाखाना आणि प्रदर्शन मात्र नको. दोघांच्या भिंती एक झाल्या की हिशेब एक होतात.

निधी आला तर खर्चाचा क्रम असा असावा. आधी वातानुकूलित बचाव गाडी, दोन पूर्णवेळ पशुवैद्य आणि बेशुद्धीच्या औषधांचा रीतसर साठा, कारण इमारत नसली तरी एवढ्यावर बरेच जीव वाचतात. मग विलगीकरणाच्या खोल्या, फिरता एक्स-रे, पिल्लांसाठी ३० अंशांच्या आसपास स्थिर ठेवणारी पेटी, आणि भारनियमनात कूलर चालू ठेवणारा जनरेटर. त्यानंतर दाब-पिंजरा (भिंत सरकवून जनावराला जागीच धरणारा) असलेले, दोन दारांचे, मध्ये भरीव भिंती असलेले बिबट्यांचे कक्ष, म्हणजे शेजारचा दिसत नाही आणि सुई टोचायला दरवेळी बेशुद्ध करावं लागत नाही. मग उड्डाण-पिंजरा. जागा हमरस्त्यापासून आत, गावापासून लांब, पाण्याजवळ. स्वागत कमान, बाग, वाहनतळ आणि ‘सेल्फी पॉइंट’ यांची अंदाजपत्रकं कोणी पुढे केलीच तर ती नियोजन समितीच्या बैठकीतच बाजूला काढावीत, त्या पैशात जनरेटरचं वर्षभराचं डिझेल येतं.